मशीन बिघडली नव्हती

डोंबिवलीहून कॅसेट परत करायला आलेल्या माणसाला जयूताईने चहा पाजला, खारी दिली, आणि कॅसेट काही परत घेतली नाही.

तो माणूस बँकेत नोकरीला होता. जगभरच्या मेटल बँडच्या कॅसेटी जमवण्याचा त्याला नाद. त्याची तक्रार साधी होती: तिच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं मध्येच तुटतं, तेही एका शब्दाच्या मधोमध, आणि पुढे टेप नुसतीच फिरत राहते. त्याने दोन वेगवेगळ्या प्लेअरवर लावून पाहिलं होतं. जयूताई म्हणाली, ते तसंच आहे. मग त्याने अदबीने सुचवलं, की निदान कव्हरवर तसं छापा, घेणाऱ्याला वाटतं माल खराब निघाला. त्यावर ती म्हणाली, "नदीवर छापलंय का कुठं?"

तो कॅसेट घेऊन गेला. आठवड्याने त्याने मित्रासाठी आणखी एक मागवली.

जयवंती भोईर. राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स धुण्याच्या एका युनिटची सुपरवायझर. आगरी लग्नांत धवले गाणारी. आणि 'सांडपाणी' नावाच्या ब्लॅक मेटल बँडची गायिका. या सगळ्या एकच बाई आहेत हे लोकांच्या गळी उतरायला वेळ लागायचा. तिला त्यात काही जगावेगळं वाटत नसे. ते युनिट वर्षभरापूर्वी गुजरातेत गेलं आणि त्याच्यासोबत तीही गेली. म्हणून मी हे आत्ता लिहून ठेवते आहे, तिच्याबद्दल खोटं बोलणारे इथे अजून आहेत तोवर. त्या खोट्यात एकदा माझाही हात होता, तेही पुढे लिहीन.

ज्यांनी ब्लॅक मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गिटारी करवतीसारख्या चालतात. ड्रम इतक्या वेगात, की ऐकणाऱ्याला धाप लागावी. गाणारा गात नाही, किंचाळतो. देवाशी आणि समाजाशी भांडण हा त्या संगीताचा जुना धंदा. गोड वाटावं अशी त्यात कुणाची अपेक्षाच नसते.

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. त्यामुळे मोठी झाल्यावर राग आला की मी पत्रक लिहायचे, अजूनही लिहिते. नाल्यात सोडल्या जाणाऱ्या रंगीत पाण्याविरुद्ध लिहिलेलं असंच एक पत्रक मी कॅम्प तीनच्या शेअर रिक्षांच्या रांगेत वाटत होते. एका बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाईने ते उभ्याने पूर्ण वाचलं, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि रिक्षात बसून गेली. दुसऱ्या दिवशी ती मला शोधत आली. पत्रकात जिथे जिथे मी 'जनता' लिहिलं होतं, तिथे तिथे तिने पेनने गोल केला होता आणि प्रत्येक गोलाशेजारी लिहिलं होतं: कोण?

मी चिडले. ती म्हणाली, "सगळं खरंय तुझं. पण यात माणूस नाय एक पण. नाव सांग ना कुणाचं तरी."

'नाव सांग' हे तिचं पालुपद होतं. कुणी म्हणालं, लोक बोलतात, की ती विचारायची, कोण बोलतं, नाव सांग. युनिटमध्ये कुणी म्हणालं, कपडा खराब झाला, की ती विचारायची, कुणाच्या हातून. शिक्षा करायला नव्हे. तिला हवेत लोंबकळणारी वाक्यं चालत नसत.

दिसायला ती मेटलवाल्यांसारखी अजिबात नव्हती. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, सुती पंजाबी ड्रेस, कडेला कायम निळी झालेली नखं. डब्यात सुकट आणि भाकरी, तीही ती उभ्यानेच खायची. बोलायची अगदी हळू, कारण गळा जपायचा असायचा. युनिटमध्ये तर हातानेच खुणा करायची, आणि वीस माणसं त्या खुणांवर चालायची. धुतलेल्या जीन्स पिळणारं जे मोठं गरगर फिरणारं मशीन असतं, त्याला तिथे हायड्रो म्हणतात. ते सुरू झालं की शेजारी फटाके वाजले तरी कळत नाही. त्या हायड्रोच्या बाजूला उभं राहून ती किंचाळायला शिकली. पाच वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं. कामगारांना वाटायचं, ताई फोनवर घरच्यांशी भांडतेय.

हे पहिल्यांदा ओळखलं विकीने. विकी हा युनिटच्या मालकाचा मुलगा, उल्हासनगरचा सिंधी, वडिलांच्या दृष्टीने वाया गेलेला, कारण तो गिटार वाजवायचा. तो तिला अदी म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. एकदा त्याने हायड्रोचा खटका बंद केला आणि चक्र थांबता थांबता तिचा आवाज उघडा पडला. सगळं युनिट वळून बघायला लागलं. ती जराही न लाजता खटक्याकडे बोट दाखवून म्हणाली, चालू कर. ड्रमवर अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा राजू आला आणि 'सांडपाणी' उभं राहिलं. नाव तिने ठेवलं. विकीला काहीतरी इंग्रजी, भयानक नाव हवं होतं. तिने विचारलं, रोज आपण कशात उभे असतो?

तरी पहिला अल्बम इंग्रजीत झाला. विकीने शब्द लिहिले. त्यात बर्फ होता, लांडगे होते, उत्तरेकडची अरण्यं होती. आम्ही सगळ्यांनी मिळून बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीत. बाहेरच्या देशांतल्या काही लोकांना तो अल्बम फार आवडला. त्यांनी लिहिलं, की भारतातून इतका अस्सल थंडगार आवाज येईल असं वाटलं नव्हतं. विकी आनंदाने ते वाचून दाखवत होता. जयूताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्यांचंच त्यांना वाढून दिलं आपण. आणि मग दोन वर्षं तिने स्टेजवर पाऊल ठेवलं नाही.

दुसऱ्या अल्बमची गोष्ट सांगायची तर हिराआत्याची सांगायला हवी. जयूताईची ही सख्खी आत्या, सत्तरी ओलांडलेली, बदलापुरातल्याच मांजर्लीत राहणारी आणि आसपासच्या दहा गावांत मान असलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणी धवले गातात. मांडव घालण्यापासून नवरी सासरच्या दारात पोचेपर्यंत सगळं गाण्यात येतं. देवांना, पितरांना, वाटेतल्या गावांना नाव घेऊन आवतण दिलं जातं. भटजी असो नसो, धवलारीण लागते. एक जण पुढे गाते आणि दुसरी तिची ओळ मागून उचलते. पंधरा वर्षं हिराआत्याची मागची ओळ जयूताई उचलत होती. आत्याच्या पश्चात पुढची जागा तिचीच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

या गाण्याचा एकच नियम आत्या कडकपणे पाळायची. धवला सुरू केला की अर्धा टाकायचा नाही. लाइट जावो, वऱ्हाडात मारामारी होवो, गाणं शेवटाला न्यायचं. अर्धा राहिला तर नवरी वाटेत राहते अशी समजूत. एका लग्नात वाऱ्याने मांडवाचं कापड खाली आलं तेव्हा त्या कापडाखालून आत्याचा आवाज येत होता म्हणतात, आणि लोक तिला शोधण्याऐवजी हात जोडून उभे होते.

दुसऱ्या अल्बमच्या आधीच्या पावसाळ्यात जयूताई चार शुक्रवार वालधुनी नदीच्या काठाने चालली. शुक्रवारी औद्योगिक सुट्टी, युनिट बंद. काकोळ्याच्या तळ्याकडून निघायचं आणि नदीसोबत खाली यायचं, हातात विकीचा रेकॉर्डर. दोनदा मी सोबत होते. वर पाणी पाण्यासारखं दिसतं. बगळे असतात, बाया धुणं धुतात आणि बेडकांचा इतका गलका असतो, की एकमेकींशी मोठ्याने बोलावं लागतं. अंबरनाथ ओलांडता ओलांडता तो विरळ होत जातो. मग रस्त्याखालची एक मोरी लागते. मोरीच्या अलीकडे चार-दोन बेडूक होते. पलीकडे एकही नव्हता. जयूताई मोरी ओलांडून गेली, परत आली, पुन्हा गेली. गळका नळ कुठून गळतो हे बघावं तसं तिने तीन-चारदा केलं. मग रेकॉर्डर बंद करून म्हणाली, "इथं."

मी तेव्हा तिला बोलले. म्हटलं, ताई, तुझंही युनिट हेच पाणी सोडतं, तुझा पगार त्यातूनच येतो. तिने मान डोलावली. म्हणाली, "माझ्याच खुणेवर व्हॉल्व उघडतो ना. मग मी नाय गाणार तर कोण गाणार?"

अल्बमचं नाव 'धवला'. आगरी बोलीत सहा गाणी. पाचांत ती किंचाळते. मांडव, आवतण, हळद, सगळं लग्न क्रमाने आहे, पण नवरी आहे वालधुनी, आणि तिला लागणारी हळद आज निळी, उद्या काळी, परवा तांबडी. सहाव्या गाण्यात गिटारी थांबतात, ड्रम थांबतात, आणि ती मांडवात गाते तसा सरळ धवला गाते. नवरी खाडीकडे निघाली आहे. "निंगाली गो निंगाली, डोंगराची लेक निंगाली." वाटेतल्या गावांची नावं एकेक करून येतात. मोरीच्या अलीकडची सगळी. पुढच्या गावाचं नाव तोंडात येतं आणि अर्ध्या अक्षरावर ती थांबते.

हे गाणं एका शुक्रवारी युनिटमध्येच रेकॉर्ड झालं, रिकाम्या हायड्रोंच्या मधे. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन भिंतीला टेकून बसले होते. विकीचं म्हणणं होतं, की पूर्ण गा, मी कॉम्प्युटरवर हवं तिथे कापतो. तिने नाही म्हटलं. कापायचं असेल तर घशात कापायचं. ती थांबली तेव्हा आम्हाला वाटलं, ती श्वास घेते आहे. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती आणि तिच्या मानेची शीर उडत होती. पंधरा वर्षांची सवय घशातल्या घशात दाबून धरायला काय लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. सहाही गाणी आत्याने डोळे मिटून ऐकली. किंचाळण्याबद्दल म्हणाली, दम चांगला आहे, फक्त श्वास चुकीच्या जागी घेतेस. मग शेवटचं गाणं तुटलं. आत्याने हेडफोन काढले.

"मशीननं तोरला, का तू थांबलीस?"

"मी थांबले."

"मोप झाला," आत्या म्हणाली आणि उठून सुकत घातलेले बोंबील उलटायला गेली. म्हणजे रागावली की नाही, हे जयूताईलाही कळलं नाही. त्यानंतर आत्याने तो विषय काढला नाही.

अल्बम आला आणि जणू सगळ्या जगाने मिळून ठरवलं, की मशीन बिघडली आहे. परदेशातल्या ज्या छोट्या कंपनीने तो काढला, तिच्या माणसाने पहिलंच पत्र पाठवलं: शेवटची फाइल खराब आहे, नवी पाठवा. जयूताईने विकीला सांगितलं, लिही, फाइल बरोबर आहे. त्याचं दुसरं पत्र आलं, की मग निदान शेवट हळूहळू विरत नेऊ या, कानाला बरं वाटेल. ती म्हणाली, कानाला बरं वाटायला नाही केलेलं. एका परीक्षकाने पाच गाण्यांची भरभरून स्तुती केली आणि सहाव्याला निर्मितीतला ढिसाळपणा म्हटलं. मुंबईच्या मेटलवाल्यांनी अल्बमला 'हळदीतला डीजे' म्हणून हिणवलं. ज्यांनी बर्फाला माना हलवल्या होत्या, त्यांना आपल्याच खाडीकाठची बोली हास्यास्पद वाटत होती. त्यांचा मला आजही राग येतो. ज्याला सगळ्या सत्तेविरुद्ध उभं राहायचं आहे आणि आपल्या शेजारच्या बाईच्या भाषेचं हसू येतं, त्याच्या काळ्या टी-शर्टाची किंमत मी तरी करणार नाही.

मुंबईत त्यांचा एकच कार्यक्रम झाला. शेवटच्या गाण्यात ती ठरल्या जागी थांबली. साउंडवाल्याला वाटलं, माइक गेला. तो धावत आला, तिच्या हातातला माइक ओढून त्याने नवा दिला, टिचकी मारून 'चेक, चेक' केलं आणि अंगठा दाखवून पळाला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जयूताईने नवा माइक हळूच खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली. टाळ्या आपोआप थांबल्या.

पण खरा निकाल लागायचा होता तो मांजर्लीत. कुणीतरी ते शेवटचं गाणं कापून व्हॉट्सॲपवर फिरवलं. भोईरांची जयू काळे कपडे घालून लग्नाचा धवला गाते आणि अर्धा टाकते. त्याच महिन्यात तिच्या चुलत भावाच्या, रमेशदादाच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं होतं, आणि धवल्याला आत्या आणि जयू असणार हे साखरपुड्यातच बोलून झालं होतं. आता मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, की ती बाई आमच्या लग्नात नको. रमेशदादाच्या ओटीवर भावकी बसली. मधे अण्णा, गावच्या देवळाच्या कमिटीचे प्रमुख, जमिनी विकून झाल्यावरही ज्यांच्या शब्दाला वजन उरलं आहे असे.

अण्णांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, आणि त्यांना तिला वाचवायचंच होतं. म्हणून त्यांनी वाट काढली. म्हणाले, तू मुद्दाम टाकला नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे. हे मशीनचं काम, त्यात काहीही होतं. तू इतकंच बोल, की मशीन बिघडली. मी मुलाकडच्यांना सांगतो, विषय मिटला.

"मशीन बिघडली नव्हती, अण्णा."

अण्णांनी तिला समजावलं. रमेशदादाने डोळ्यांत पाणी आणून समजावलं. ती म्हणाली, वालधुनी खाडीपर्यंत नीट पोचत नाही हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. अण्णा, तुम्ही तिच्यात पोहायला शिकलात. नवरी पोचली नाही तर पोचली असं मी कुठल्या तोंडाने गाऊ? उत्तर नसलं की माणसं निर्णय देतात. जयवंतीने यापुढे भावकीच्या कुठल्याही लग्नात धवला गायचा नाही. आत्याच्या मागे ओळ उचलायला दुसरी बाई बघायची.

पंधरा वर्षं तिने ते गाणं कमावलं होतं, आणि आत्यानंतर ते तिच्या गळ्यात राहणार होतं. तिच्याकडून ते काढून घेतलं त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली, दोन कप चहा प्यायली आणि उठून गेली. मला ते सहन झालं नाही. आता माझा भाग.

मी पत्रक लिहिलं. परंपरेचा मान, कलावंताचं स्वातंत्र्य, नदीचा प्रश्न, सगळं होतं त्यात. आणि खालून तिसऱ्या ओळीत होतं, की तांत्रिक कारणामुळे जयवंती भोईर यांच्या धवल्याचा शेवट ऐकू येत नाही, याचा विपर्यास करू नये. मी स्वतःला सांगितलं, की ही लढाईतली युक्ती आहे. मी ते मांजर्लीत घरोघर वाटलं. युक्ती चालली. दोन दिवसांत अण्णांचा निरोप आला, की जयूला सांगा, गैरसमज दूर झाला, लग्नाला धवला तिनेच म्हणायचा.

जयूताई पत्रक घेऊन रमेशदादाच्या ओटीवर गेली आणि भावकीसमोर तिने ती ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाली, हे खोटं आहे, मी माझ्या मनाने थांबले. मिळालेली जागा तिने तिथेच परत केली आणि तिथून सरळ अंबरनाथला माझ्या घरी आली. वडील दारातच बसले होते. त्यांना तिने हात जोडून नमस्कार केला आणि पत्रक माझ्या हातात दिलं.

"तुझ्या पत्रकात पहिल्यांदा कुणाचं तरी नाव आलं," ती म्हणाली. "आणि ते खोट्यासाठी."

ती गेल्यावर वडिलांनी पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. मी उरलेला गठ्ठा घेऊन पुन्हा मांजर्लीला गेले. ज्या घरांत पत्रक दिलं होतं त्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, की ती ओळ मी बनवली होती. काही घरांत मला पाणीही मिळालं नाही. ठीकच झालं.

प्राचीचं लग्न मांजर्लीतच होतं, घरापुढच्या मैदानात मांडव घालून, भर सकाळी. जयूताई आली. भाचीच्या लग्नाला न येण्याचं तिला कारण दिसत नव्हतं. हिरवी साडी, केसांत अबोली. बायकांनी तिला मांडवात बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मग ती फाटकाजवळ जिथे पाण्याची पिंपं ठेवली होती तिथे उभी राहून येणाऱ्यांना पाणी देऊ लागली. मी तिच्या शेजारी ग्लास विसळत होते.

आत हिराआत्याने धवला सुरू केला. मागची ओळ उचलायला दुसऱ्या गावची एक बाई आणली होती. ती बरी गात होती, पण आत्याच्या ओळीवर जरा उशिरा पोचायची. देव झाले, पितर झाले, हळद झाली. नवरी घरातून निघाली. वाटेतली गावं आली. आणि एका गावाच्या नावात, अर्ध्या अक्षरावर, आत्या थांबली.

मागची बाई क्षणभर पुढे गेली आणि तिला कळलं, की ती एकटीच आहे. ती गप्प झाली. आचारी भांडी आपटत होते तेही थांबले. कुणी म्हणालं, आत्याला चक्कर आली असेल, पाणी आणा. माइकवाला तारा तपासायला लागला. रमेशदादा धावत गेला. आत्या पाटावर ताठ बसली होती आणि तिचे डोळे कोरडे होते.

"मी थांबले," ती म्हणाली. माइक तिच्या तोंडासमोरच होता, त्यामुळे रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं. "जल्ली ती मशीन, तिला हात नको लावू. मशीन नाय बिघडली."

अण्णा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, आत्या, पोरीचं लग्न आहे, अर्धा टाकू नकोस. आत्या म्हणाली, पन्नास वर्षं नाही टाकला. आज टाकला. पुढचा जिला येतो ती फाटकावर पाणी वाटते आहे.

मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलाच्या आईने प्राचीकडे पाहिलं. प्राची मुंडावळ्या सावरत फाटकाकडे बघत होती. ती आपल्या वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, जयूआत्येला बोलवा. मना वाटेत नाय ऱ्हायचा."

रमेशदादा फाटकाकडे आला. जयूताईच्या हातात भरलेला ग्लास होता. समोरच्या म्हाताऱ्याला तो देऊन होईपर्यंत तिने रमेशदादाकडे पाहिलं नाही.

"चल, जयू."

"चूक कबूल करायला?"

त्याने मागे वळून मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गायला."

तिने पदराला हात पुसले आणि ती मांडवात गेली. आत्यासमोर बसली नाही, तिच्या पाठीशी आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि गाणं पहिल्यापासून न घेता त्याच अर्ध्या अक्षरापासून उचललं. ते नाव पूर्ण झालं तेव्हा मांडवातल्या बायकांनी श्वास सोडलेला मला फाटकापर्यंत ऐकू आला. मग आत्याही मिसळली. आता जयूताई पुढे आणि आत्या मागे. नवरीला त्यांनी एकेक गाव करत सासरच्या उंबऱ्यात नेलं, उंबऱ्यावर थांबवलं, आत घेतलं, आणि धवला संपला.

अण्णांनी स्वतः नारळ आणि साडी आणून तिच्या ओटीत घातली. माणूस मोठ्या मनाचा, आनंदात होता. म्हणाले, बघ, कसा पुरा केलास. आता तुझ्या त्या कॅसेटीतला पण असाच पुरा करून टाक, म्हणजे कुणाचं काही म्हणणं राहणार नाही.

जयूताईने नारळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"प्राची पोचली, अण्णा," ती म्हणाली. "वालधुनी पोचली, की तिचा पण पुरा करीन."

अण्णांनी मैदानापलीकडे पाहिलं. जयूताईने आत्याच्या काखेत हात घालून तिला पाटावरून उठवलं. दोघी सावकाश पंगतीकडे निघाल्या. पंगतीतल्या बायकांनी आपापल्या पत्रावळी सरकवून दोघींपुरती जागा केली.